पेशंटचं नाव रामराव

अहो, एवढं हळू हळू कामून बोलता? अन् एवढ्या मोठ्यानं? मला ऐकू येतं. बराबर ऐकू येतं. काळी-पिवळी अजून आली न्हाई, एवढंच सांगायचं होतं ना? मंग ‘आ…बा… गाडी… येईल… हां…’ असं पाळण्यातल्या लेकराला सांगावं तसं कामून सांगून राह्यले? आता वाटूर फाट्यावर बसलेच आहात, तर सगळ्यांनी एकदाच ऐकून घ्या. मला काई झालेलं न्हाई.

काय? मान हलवली? तुमच्या त्या मान हलवण्याचाच तर राग येतो मला! ‘हो आबा, हो आबा, तुम्हाला कुठं काय झालं?’ अन् तोंड फिरवलं की डोळा मारायचा!

तुम्हाला सांगतो, मी चौथी शिकलो. पाचवीला गुरुजीचं अन् माझं जमलं न्हाई. पण ह्या गावात बांधाचं भांडण असो, पाटाचं पाणी असो, भावाभावाची वाटणी असो, लोक आधी रामरावच्या ओट्यावर यायचे अन् मंग तलाठ्याकडं जायचे. मी दोन वाक्यं बोलायचो. तिसऱ्याची गरज पडत नव्हती. अन् आता? परवा दुकानात दोर मागितला, तर दुकानदार म्हणतो, ‘आबा, दोर कशाला पायजे? घरून कुणाला तरी पाठवा.’ अरे बैलाला पायजे बाबा, बैलाला! न्हाई म्हणजे न्हाई. विळा न्हाई, दोर न्हाई, फवारणीचं औषध तर डब्यावरचं चित्रसुद्धा बघू देत न्हाई. अन् हा आपला चहावाला पप्पू, हा बघा, ऐकून न ऐकल्यासारखं करून राह्यला… हा मला अर्धाच कप देतो, अन् तोबी फुंकर मारून देतो! सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या चहावर फुंकर! का? तर आबाला भाजंल. मला काई झालेलं न्हाई, पप्पू!

झालं पोराला. हरिओमला. अन् कुणामुळं झालं ते ऐका आता.

जालन्याला बियाण्याची कंपनी आहे एक, नाव घेत न्हाई, नाव घेतलं की हरिओमलाच बोलावतील. तिथं तो फील्ड ऑफिसर. लागला तेव्हा मी गावात पेढे वाटले. म्हटलं, आपण औताच्या मागं गेलो, पोरगं शेतीचंच करणार पण पायाला ढेकूळ न लागता. ढेकूळ न्हाई लागलं, खरं आहे. फोन लागला. सकाळी दात घासायच्या आधी सरांचा फोन, ‘हरिओम, आजचा प्लॅन टाक.’ दुकानदाराचा फोन, ‘साहेब, माल कुठाय?’ शेतकऱ्याचा फोन, ‘उगवलं न्हाई.’ दुसऱ्या शेतकऱ्याचा, ‘दाट उगवलं.’ परत सरांचा, ‘हरिओम, लोकेशन टाक, शेतकऱ्यासोबत फोटो टाक, हसरा टाक रे, मागच्या फोटोत तू रडका दिसून राहिलास.’ म्हणजे तोंड कुणाचं? पोराचं. हसायचं कुणी ठरवायचं? जालन्यानं!

अन् तुम्हाला सांगतो, संध्याकाळी गाडीवर घरी यायचा तर उतरायचा न्हाई. दारात येऊन गाडी बंद करायचा, अन् तसाच बसून. डोक्यात हेल्मेट. हात हँडलवर. आमची साळूबाई भाकरी थापता थापता बाहेर यायची, ‘आहो, पोरगं उतरंना.’ मी म्हणायचो, ‘उतरंल. अंडी उबवतंय का तिथं?’ सून शीतल खिडकीतून बघायची. बैल औत सोडल्यावरबी मान खाली घालून तसाच उभा राह्यला तर आम्ही वळखतो की ह्याचा खांदा गेला, ह्याला चार दिस जुंपायचं न्हाई. पण बैलाच्या मानेवर जू दिसतं हो! पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं. हेल्मेट बघून कुणाला वाटंल की खांदा गेला?

पण कंपनीला वाटलं! कंपनी लई हुशार. कंपनीत म्हणे कुणी तरी वरून सांगितलं की माणसं थकून राह्यली, माणसांच्या मनाकडं लक्ष द्या. मंग कंपनीनं लक्ष दिलं. कधी दिलं? रविवारी. आठवड्यातून एक दिवस पोरगं झोपायचं, तोच दिवस धरला. ‘मन प्रसन्न शिबीर. सहकुटुंब यावे. हजेरी सक्तीची.’ प्रसन्न व्हायची सक्ती, ऐकलं का कधी?

गेलो. मी, साळूबाई, शीतल, सगळे. जालन्याला हॉल केल्ता, ढोकळा ठेवला होता, अन् वर ही एवढी मोठी पाटी, ‘तणावमुक्त मन, दुप्पट विक्री.’ त्यांचे केदार सर, मॅनेजर, हरिओमच्याच वयाचे असतील, पण डोळ्यांखाली काळं, माईक घेऊन म्हणतात, ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत. तुमचं मन हे कंपनीचं मन आहे.’ मी साळूबाईला म्हटलं, सातबारा तेवढा राह्यला वाटतं.

मंग पुण्याहून एक माणूस आल्ता. पँट अशी तंग की बसता येईना, म्हणून बहुतेक नाचतच होता. गालाला माईक चिकटवलेला. त्यानं सगळ्यांना फुगे वाटले. ‘मित्रांनो, तुमच्या मनातला सगळा ताण ह्या फुग्यात भरा! भरा, भरा, अजून भरा!’ चांगली शिकलेली मोठी माणसं गाल फुगवून फुगे फुगवून राह्यली. साळूबाई म्हणते, ‘आहो, ताण फुग्यात जातो?’ मी म्हटलं, ‘गप. कंपनीचा फुगा आहे, जात असंल.’ अन् मंग फोडा म्हणाला. फटाफट फुटले. ताण गेला. मंग म्हणाला, आता हसा. कामून हसा? काई कारण न्हाई, कारणाशिवाय हसा. ‘हा हा हा! हो हो हो! थांबायचं न्हाई, जो थांबेल तो हरला!’

तुम्हाला सांगतो, तेवढ्यात हरिओमचा फोन वाजला.

राजूरकडचा शेतकरी, आदिनाथ. उचलला न्हाई तर कंपनी म्हणणार, फोन उचलत न्हाई. उचलला तर समोर हा तंग पँटवाला, बोट दाखवून, ‘सर, थांबू नका! हसत राहा! सगळं बाहेर येऊ द्या!’ पोरगं काय करणार? उचलला. तिकडून आदिनाथ म्हणतो, ‘साहेब, माझं सोयाबीन उगवलंच न्हाई हो.’ अन् पोरगं इकडून, ‘हा हा हा…’ ‘आहो साहेब, सगळं रान रिकामं दिसून राह्यलं!’ ‘हो हो हो…’ ‘हसतो? माझ्या रानावर हसतो? थांब, तुझ्या कंपनीलाच सांगतो!’ अन् त्यानं जे आईबहिणीवरून सुरू केलं, ते मला शेजारच्या खुर्चीवर ऐकू येत होतं. पोरगं हसून राह्यलं, अन् हसता हसता डोळ्यांतून पाणी सुरू झालं, घळाघळा, थांबंना. तर तो पुण्याचा माणूस नाचत आला, पोराचा हात वर धरला अन् ओरडला, ‘बघा! ह्याला म्हणतात मोकळं होणं! टाळ्या!’

टाळ्या वाजवल्या हो लोकांनी. शीतलसुद्धा वाजवत होती, बाकीचे वाजवतात म्हणून. तिचं तोंड बघवत नव्हतं.

मी न्हाई वाजवल्या. मला काई झालेलं न्हाई, तेव्हाबी काई झालेलं नव्हतं.

आदिनाथनं तक्रार टाकली. पोराला नोटीस आली, शेतकऱ्याला हसला म्हणून. मी म्हटलं, तुम्हीच हसायला लावलं ना? पण कंपनीत हसवणारं खातं वेगळं अन् नोटीस देणारं खातं वेगळं! मंग हरिओम केदार सरांकडं गेला, म्हणाला, ‘सर, मला थोडी सुट्टी पायजे. मला जमून न्हाई राह्यलं. थकलो.’ काय म्हणाले असतील? सांगतो. ‘थकलास? अरे, परवाच तर आपण शिबीर घेतलं! शिबीर होऊनही थकतोस म्हणजे तू शिबिरात लक्ष दिलं नाहीस, हरिओम. आणि ऐन हंगामात कोण सुट्टी घेतं? मी तरी घेतो का?’

ढोकळा खाल्ला ना. आता थकायचा हक्क संपला.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी पोरगं दारात आलंच न्हाई. शीतल म्हणाली, ‘मामंजी, हे शेताकडं वळले वाटतं, गाडीचा आवाज तिकडून आला.’ मी गेलो. अंधार व्हायचा होता अजून. आमचं शेततळं आहे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, त्याच्या काठावर गाडी उभी. तो वर बसलेला. हेल्मेट डोक्यात. पुढचं चाक पाण्याकडं.

तुम्हाला सांगतो… म्हणजे काय सांगू? मी हाक न्हाई मारली. हाक मारली अन् दचकला तर? चप्पल काढली. मागून गेलो अन् गाडीचं कॅरिअर धरलं, दोन्ही हातांनी, जीव खाऊन. म्हटलं, ‘उतर.’

तो म्हणाला, ‘आबा, उतरता येईना.’

ह्यावर बापानं काय बोलायचं? मला दोन वाक्यं बोलायची सवय. गाडी मागं ओढली. त्याला लहानपणी बैलगाडीतून उतरवायचो तसा काखेत हात घालून उतरवला. हेल्मेटचा पट्टा काई केल्या सुटंना. बस. पुढचं विचारू नका.

हं. चहा दे रे पप्पू. भरून दे. अन् फुंकर मारलीस तर बघ!

सकाळी म्हटलं, चल जालन्याला, मनाचा डॉक्टर दाखवू. तर तो भिताडाकडं तोंड करून म्हणतो, ‘कुणी बघितलं तर? कंपनीला कळलं तर येडा म्हणून काढतील.’ मी म्हटलं, ‘माझ्यासंगं चल. पुढचं माझं मी बघतो.’ आता माझं मी काय बघणार होतो, मला तरी कुठं माहीत? गेलो. दवाखान्यात काचेच्या मागं पोरगी बसलेली, मान वर न करता विचारते, ‘पेशंटचं नाव?’

आता आपल्या घराची रीत तुम्हाला माहीत आहे. रेशन कार्ड कुणाच्या नावानं? रामराव. लाइट बिल? रामराव. गॅस, सातबारा, सोसायटी, सगळं रामराव. हरिओमच्या लग्नाच्या पत्रिकेत पहिलं नाव नवरदेवाचं न्हाई, माझं! जोवर कर्ता माणूस जिवंत आहे तोवर खिडकीतल्या माणसाला नाव कर्त्याचंच सांगायचं, दुसरं सांगायचं डोक्यातच येत न्हाई. तिनं नाव विचारलं अन् माझ्या तोंडानं सवयीनं सांगून टाकलं, ‘रामराव, वाटूर.’ हरिओमनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडं असं बघितलं की मिटलं. कारण सांगून झाल्यावर मला कळलं की हे बराबर झालं. पोराचं नाव कुठं लागलंच न्हाई!

‘त्रास काय होतो?’

‘मला काई झालेलं न्हाई.’

ती पोरगी लिहिता लिहिता म्हणते, ‘सगळे असंच म्हणतात, काका. बसा.’

बसलो. अन् थोड्या वेळानं तिनं जी हाक मारली, ‘रामराव! वाटूर!’ देवळातली घंटा वाजावी तशी. शेजारीच कानाच्या डॉक्टरची रांग, अन् त्या रांगेत कोण? आमच्या गल्लीची कांताबाई! जिला कमी ऐकू येतं म्हणून आल्ती तिला नेमकं हे ऐकू आलं! ‘अगं बाई, रामरावभावजी? तुम्ही? ह्या डॉक्टरकडं?’ मी कॉलर नीट केली. म्हटलं, ‘हो.’ आम्ही वाटूरला उतरायच्या आधी बातमी वाटूरला उतरली होती.

आत डॉक्टरबाई. यशश्री की काय नाव, शीतलच्या वयाची. मला खुर्चीवर बसवलं. ‘काका, झोप लागते का? मनात काय येतं?’ मी म्हटलं, मनात काई येत न्हाई, आलं तर मी येऊ देत न्हाई. तिनं दुसऱ्या खुर्चीकडं बघितलं. ‘तुम्ही कोण?’ हरिओम म्हणाला, ‘मुलगा. सोबत आलोय.’ ‘मग तुम्ही सांगा. वडिलांना काय होतंय?’

अन् तुम्हाला सांगतो, पोरगं बोलायला लागलं. महिना महिना ज्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता ते बोलायला लागलं. ‘त्यांना सकाळी उठवत न्हाई. फोन वाजला की छातीत धडधडतं. न्हाई वाजला तरी वाजल्यासारखा वाटतो. घास गिळवत न्हाई. कुणी प्रेमानं बोललं तरी रडू येतं त्यांना. आपल्यावाचून सगळ्यांचं बरं होईल असं वाटतं त्यांना.’ अन् मी आपला गुडघ्यावर हात ठेवून माझा आजार ऐकून राह्यलो! मधे एकदा डॉक्टरबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. काय करणार? मंग तिनं पेन खाली ठेवला अन् त्याला विचारलं, एकदम हळू, ‘अजून काही सांगायचंय?’ तो म्हणाला, ‘घरी आले तरी ते गाडीवरून उतरत न्हाईत. हेल्मेट काढत न्हाईत.’

‘का?’

‘आतमधी कुणाचा आवाज येत न्हाई.’

डॉक्टरबाई हुशार होती. माझ्याकडं वळून म्हणाली, ‘काका, तुम्ही जरा बाहेर बसता? तुमच्याबद्दल तुमच्या मुलाशी बोलायचंय.’ मी बाहेर बसलो. कांताबाईनं मला पेपरमिंटची गोळी दिली. घेतली. लई वेळ दार बंद होतं. लई वेळ. ती गोळी मी चघळलीसुद्धा न्हाई, तशीच गालात धरून बसलो.

परत आत बोलावलं तर पोराचे डोळे सुजलेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘ह्यांना विश्रांती लागेल, आणि औषध द्यायचं तर पुढच्या वेळी ह्यांच्याच नावाचा कागद लागेल. तुमच्या नावावर चालणार नाही.’ हरिओम म्हणाला, ‘सुट्टी मिळत न्हाई.’ मंग त्यांनी मला विचारलं, ‘काका, खरं सांगा, तुम्ही कधीपासून झोपला नाहीत?’ शेततळ्यापासून न्हाई झोपलो, पण हे त्यांना कसं कळलं? म्हटलं, डोळा लागत न्हाई, मी त्याच्या दारात खाट टाकून बसतो. त्यांनी तेच लिहिलं. पेशंट रामराव, झोप न्हाई, घरचं माणूस दिवसभर सोबत पायजे. म्हणाल्या, ‘ह्यात खोटं काही नाही. तुम्हाला तो सोबत हवाच आहे ना?’

म्हटलं, हवा आहे.

अन् आता बघा गंमत! तो कागद कंपनीत गेला अन् सुट्टी लगेच! केदार सर फोनवर, ‘अरे बापरे, वडील? मनाचा आजार? घे, घे, पंधरा दिवस घे! फॅमिली फर्स्ट!’ म्हणजे माणूस स्वतः मोडला तर सुट्टी न्हाई, त्यानं फुगा फोडायचा. पण बाप येडा झाला की रजा मंजूर! मंग म्हटलं, ठीक आहे. पोराला झोपायचं तर बापानं येडं व्हायचं. बिलकुल होतो. पण मला काई झालेलं न्हाई हे तेवढं तुम्ही ध्यानात ठेवा.

पोरगं झोपलं. नुसतं झोपलं. त्याचा फोन साळूबाईनं ज्वारीच्या कणगीत पुरला. तिथून आपला घूं घूं करायचा. एखाद्या वेळी तिला कीव यायची, ज्वारी उकरून उचलायची अन् सांगायची, ‘त्याचा बाप येडा झालाय, नंतर करा.’ नवऱ्याचं नाव घेत न्हाई ती, लाजते. हे मात्र खणखणीत सांगायची.

अन् गाव? गावानं मला धुऊन काढलं. शेजारचा देवानंद, माझ्या मांडीवर खेळलेला, लिंबू उतरवायला घेऊन आला. मला बघून बायका लेकरं आत घ्यायच्या. अन् एक दिवस दोघं भाऊ बांधाचं भांडण घेऊन ओट्यापर्यंत आले, सवयीनं. मी पागोटं नीट केलं. बसा म्हटलं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, चहा घेतला अन् म्हणाले, ‘आबा, तुम्ही आराम करा. आम्ही तलाठ्याकडंच जातो.’ गेले. मी ओट्यावर तसाच. तोंडातून एक शब्द काढला असता ना, की अरे मी न्हाई, तो आहे… तर दोघंबी परत फिरले असते. तोंड उघडलंबी होतं. आत पोरगं घोरत होतं. मिटलं तोंड.

अर्धी सुट्टी झाली अन् शीतलला निरोप आला, केदार सर भेटायला येऊन राह्यले, काकांना बघायला. कशाचं बघायला? हंगाम चालू, माणूस कमी, खरंच येडा आहे का बघायचं अन् पोराला घेऊन जायचं. घरात पळापळ. साळूबाई म्हणते, ‘आहो, थोडं येड्यासारखं करा.’ म्हटलं, कसं करू? शीतल म्हणते, ‘मामंजी, मधेच विनाकारण हसा.’ म्हटलं, ‘सूनबाई, मी कारण असून कधी हसलो न्हाई, विनाकारण कुठून हसू? त्याला पुण्याहून माणूस आणावा लागतो.’ हरिओम तर हेल्मेट शोधायला लागला. मी म्हटलं, ‘तू आत जाऊन पड. मी आहे.’

आले केदार सर. हातात सफरचंदं. खाटेवर माझ्याजवळ बसले, जरा अंतर ठेवून. ‘काका, बरं वाटतंय का आता?’ अन् त्यांचा फोन वाजला. बोलले, ठेवला. ‘हां, काका, काय म्हणत होतो…’ परत वाजला. ‘हो सर, आकडा होईल सर, आज रात्रीपर्यंत सर.’ ठेवला. परत. मी बघून राह्यलो. त्यांचा अंगठा नुसता उडत होता, फोन हातात नसला तरी. मी विचारलं, ‘जेवलास का?’ म्हणाले, ‘हो… नाही… काल…’ काल!

परत वाजला. मंग मी फोन घेतला त्यांच्या हातातून. काढूनच घेतला. आत गेलो अन् कणगीत घातला, वरून ज्वारी लोटली. परत येऊन बसलो. शीतल दारात डोळे फाडून, साळूबाई पदर तोंडात धरून. केदार सर तोंडाचा आ करून माझ्याकडं. म्हटलं, ‘येड्याला माफ असतं.’

ओरडतील असं वाटलं. न्हाई ओरडले. आपल्या रिकाम्या हाताकडं बघत बसले. कणगीतून दोन घूं घूं आले, मंग तेबी थांबले. केदार सर म्हणाले, ‘काका, मी गाडी चालवत नाही हल्ली. ड्रायव्हर लावला. पुलावरून जाताना भीती वाटते.’ एवढंच. मंग बसल्या बसल्या मान लवंडली. खाटेवर, सफरचंदाच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपले. दुपार उतरली तरी उठले न्हाईत. हरिओमनं दारातून बघितलं. आपला साहेब असा झोपलेला बघून तोच आतून गोधडी घेऊन आला अन् त्यांच्या पायावर टाकली. पहिल्यांदा त्यानं आपणहून काई तरी केलं त्या दिवशी.

उठल्यावर तोंड धुतलं, पिठलं-भाकरी खाल्ली, फोनला चिकटलेली ज्वारी झटकली. अन् जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणतात, ‘काका… तुमची पुढची तारीख कधीये? दवाखान्याची? नाही, म्हटलं… तुमच्यासोबत माणूस लागतं ना. मी येऊ का सोबत?’

येड्याला न्यायला साहेबाची गाडी आली! त्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘आज एवढे जण?’ म्हटलं, पेशंट अवघड आहे. तिथं काचेपाशी हरिओम पुढं झाला. ती पोरगी म्हणाली, ‘पेशंटचं नाव?’ साहेब मागं उभा. मी मान दुसरीकडं फिरवली. अन् मंग त्यानं सांगितलं. स्वतःचं. पहिल्यांदा घरातला कागद माझ्या नावाशिवाय निघाला, अन् तुम्हाला सांगतो, मला काई वाईट न्हाई वाटलं.

साहेबाचा निघाला का? न्हाई. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात. अजून म्हणूनच राह्यले. ‘सोबत’ म्हणून येतात, आत जाऊन बोलतात, बाहेर येऊन मला विचारतात, ‘काका, तुम्हाला बरं वाटलं ना?’

म्हणून संपलं असं समजू नका. हरिओम कामावर गेला परत. गोळ्या चालू. दिवस मावळला की फोन बंद, ही सूट केदार सरांनी दिली, तर वरच्यांनी केदार सरांना नोटीस दिली. कंपनीत परत शिबीर आहे म्हणे, ह्या खेपेला फुगे मोठे. पोरगं संध्याकाळी येतं. काई दिवस लगेच उतरतं. काई दिवस बसून राहतं. बसलं की मी जातो अन् कॅरिअरला हात लावून उभा राहतो. उतरतं मंग.

अन् मी? मला वाटलं, आता तरी सुटलो. पोराचा कागद वेगळा झाला, आता गावाला सांगू मोकळ्यानं. तर त्याच संध्याकाळी ओट्यावर कोण? देवानंद. लिंबूवाला देवानंद! इकडं बघितलं, तिकडं बघितलं अन् म्हणतो, ‘आबा, मंगळवारी तुम्हाला जालन्याला न्यायचं असंल ना? मी येतो सोबत.’ म्हटलं, मला कुठं जायचंय? तो मान खाली घालून म्हणाला, ‘चला ना, आबा.’ न्यावं लागलं. मंग कांताबाईची सून. मंग शाळेवरचे एक सर. कुणालाच काई झालेलं न्हाई, सगळे माझ्या काळजीनं येतात! डॉक्टरबाई डोक्याला हात लावतात, म्हणतात, ‘काका, एकेकाला स्वतःच्या नावानं येऊ द्या हो.’ म्हटलं, येतील. जल्दी करू नका. आमच्या इकडं नाव निघायला वेळ लागतो.

बांधाच्या भांडणाला कुणी बोलावत न्हाई आता. ह्या कामाला बोलावतात. आजबी कुणी तरी दवाखान्यापाशी माझी वाट बघत बसलंय, नाव सांगणार न्हाई.

ही आली जालन्याची काळी-पिवळी. चला.

काय? तुम्ही? तुम्हाला तर परतूरला जायचं होतं ना?… बरं. बरं, न्हाई विचारत. बसा आत. कुणी विचारलं तर सांगायचं, म्हातारा वळखीचा आहे, त्याच्या डोक्याचं जरा बिनसलंय, त्याला घेऊन चाललो. पण मागं सरकून बसा. पुढची सीट पेशंटची असते.